बँकॉकचे पहिले ४८ तास

शाळांच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक हातात आलं की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. या वेळी भारतात जाताना वाटेत कुठे थांबायचं? पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं, लंडन नाहीतर दुबई. हल्ली आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बँकॉकचं नाव वारंवार दिसतं. आमच्या कंपनीच्या एका प्रकल्पासाठी मी तिथे चार वेळा जाऊन आलो, म्हणून आज त्याबद्दल बोलावं असं ठरलं. हॉटेलं, मसाज आणि खरेदी यांबद्दल मी बोलणार नाही. त्याचे व्हिडिओ तुम्हाला हवे तितके मिळतील.

एमबीएच्या दिवसांपासून मला एक सवय आहे. नव्या शहरात पोचलो की पहिल्या ४८ तासांत जे दिसतं, ते वहीत लिहून काढायचं. नंतर डोळे सरावतात आणि काही दिसेनासं होतं. बँकॉकच्या माझ्या नोंदींमध्ये एकच गोष्ट पुनःपुन्हा येते. हे शहर आपल्याला, म्हणजे मराठी माणसाला, परकं वाटतच नाही. आणि आपली फसगत होते ती नेमकी तिथेच. जे अनोळखी असतं तिथे आपण सावध असतो. जे ओळखीचं वाटतं, तिथे आपण विचारायचं सोडून देतो. आज तुम्हाला त्या ४८ तासांतून फिरवून आणतो, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा कुठे थांबून नीट पाहायचं ते लक्षात राहील.

सुरुवात विमानतळापासून. २००६ साली सुरू झालेल्या या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. इंग्रजी पाटी वाचून आपल्याला बरं वाटतं. पण टॅक्सीवाल्यासमोर तुम्ही खणखणीत मराठी उच्चारात ‘सुवर्णभूमी’ म्हणालात, तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. त्याच्या तोंडी ते ‘सुवन्नाफूम’ आहे. थाई लिपीत अक्षरं बरीचशी संस्कृतसारखी जपलेली असतात, पण उच्चार थाई जिभेचा. शब्दाच्या शेवटचा ‘र’ तिथे ‘न’ होतो. त्यामुळे नगरचं ‘नखोन’ होतं, आणि आहारचं ‘आहान’. ही एक युक्ती लक्षात ठेवलीत, तर पुढचे दोन दिवस पाट्या वाचताना मजा येईल.

जायच्या आधीची एक कामाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. तो फुकट आहे. त्याच्या नावाने पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते बंद करा आणि सरकारी संकेतस्थळ शोधा.

विमानतळाबाहेर आलात की मे महिन्यातल्या मुंबईची हवा अंगाला चिकटते. टॅक्सी हवी असेल तर तळमजल्यावर यंत्रातून चिठ्ठी घ्यायची. तिच्यावर रांगेचा नंबर असतो. मीटरच्या वर विमानतळाचे ५० बाट आणि रस्त्याचा टोल द्यावा लागतो, ती फसवणूक नव्हे. सामान कमी असेल तर मात्र मी म्हणेन, रेल्वे घ्या. अर्ध्या तासात फया थाय स्टेशनला पोचता आणि वाहतुकीच्या कोंडीतून सुटता. तिथून वरच्या पुलावरून धावणारी बीटीएस मिळते, १९९९ साली सुरू झालेली.

या बीटीएसमध्ये मराठी कानांना मेजवानी आहे. फया थायनंतरचं स्टेशन ‘रात्चथेवी’, म्हणजे राजदेवी. मग सयाम. पुढे ‘नाना’ लागतं, आणि डब्यात कुणी मराठी माणूस असलाच तर त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटतं. त्यानंतर ‘असोक’. आता मनाशी हिशेब सुरू होतो की हे सगळं आपलंच आहे. जरा थांबा. ‘नाना’ हे भारतीय वंशाच्या एका मुस्लिम घराण्याचं आडनाव आहे. ते इथे आलं ते व्यापार आणि जमिनींच्या वाटेनं, पुराणांच्या वाटेनं नाही. पुढच्या ‘फ्रोम फोंग’ स्टेशनात आपल्याला ब्रह्म ऐकू येतं, पण त्या ‘फ्रोम’चा अर्थ आहे ‘एकत्र, सज्ज’. पहिल्याच तासात तीन प्रकार भेटले. एक शब्द खरोखर संस्कृतातून आलेला, एक भारतातून पण वेगळ्याच रस्त्याने आलेला, आणि एक नुसताच सारखा ऐकू येणारा.

शब्दांचं निघालंच आहे तर आणखी सांगतो. टेलिफोनला आपण दूरध्वनी म्हटलं, त्यांनी दूर आणि शब्द जोडून ‘थोरसाप’ केला. टीव्ही म्हणजे ‘थोरथात’, त्यातही तोच ‘दूर’ आहे. आणि आपल्या या कार्यक्रमाच्या श्रोत्यांसाठी खास, रेडिओला थाईमध्ये म्हणतात ‘विथ्थयू’. मूळ शब्द विद्युत. बँकॉकमध्ये विथ्थयू नावाचा मोठा रस्ताच आहे. तिथे पूर्वी बिनतारी संदेशाचं केंद्र होतं, म्हणून इंग्रजीत वायरलेस रोड. आपल्या अमेरिकेची वकिलातही त्याच रस्त्यावर आहे. ‘सवात्दी’ हा नमस्काराचा शब्द ‘स्वस्ति’वरून घेतलेला, पण तोही फार जुना नाही. विसाव्या शतकात एका थाई पंडिताने तो घडवला आणि १९४० च्या दशकात सरकारने तो रूढ केला. म्हणजे हे शब्द कुणी त्यांच्या गळ्यात घातलेले नाहीत. नवा शब्द हवा तेव्हा त्यांनी स्वतः संस्कृतची पेटी उघडली आणि हवा तो दागिना निवडला. आपणही तेच केलं.

आता यातली मेख बघा. ‘सोंगसान’ हा शब्द म्हणजे आपला संसार. थाईमध्ये त्याचा नेहमीचा अर्थ काय? कीव येणं, दया येणं. हे मी आमच्या घरी सांगितलं तेव्हा हिने शांतपणे विचारलं, “मग चुकलं काय त्यांचं?” ‘नियोम’ म्हणजे नियम नव्हे, तर लोकप्रिय असणं. ‘आकात’ म्हणजे हवामान. ऑफिसात एकमेकांना ‘खुन अमुक’, ‘खुन तमुक’ म्हणतात ते ऐकून दचकू नका. तो आपला ‘गुण’ आहे, आणि त्याचा अर्थ श्री किंवा श्रीमती. ‘वासना’ हा शब्द तिथे ‘वात्सना’ होतो आणि त्याचा अर्थ सद्भाग्य, पूर्वपुण्याईनं मिळालेलं नशीब. मुलींचं ते सरळ, चांगलं नाव आहे.

या शेवटच्या शब्दाशी मी थोडा रेंगाळतो. इंग्रजी अक्षरांतलं हे नाव एखाद्या बाईच्या छातीवरच्या बिल्ल्यावर दिसलं की आपल्या लोकांत खसखस पिकते. दुकानात, हॉटेलच्या काउंटरवर मी ती ऐकलेली आहे. समोरच्या बाईंना मराठी येत नाही, पण आपल्या नावाकडे बघून लोक हसताहेत हे कळायला भाषा लागत नाही. मंडळी, आपल्या आडनावांच्या या देशात काय चिंध्या होतात ते तुम्हाला माहीत आहे. शाळेत हजेरी घेताना शिक्षक अडखळतात, मग वर्ग हसतो, आणि आपली पोरं घरी येऊन विचारतात की मी माझं नाव बदलू का. ज्यांनी हे सोसलं आहे, त्यांनी तरी दुसऱ्याच्या नावाला हसू नये. मुलं बरोबर असतील तर हा शब्द त्यांना विमानातच समजावून सांगा.

आता रस्त्यावर येऊ. वाहनं आपल्या भारतासारखी डाव्या बाजूने चालतात. गर्दी तशीच, डोक्यावर तारांची जंजाळं तशीच, फुटपाथ मध्येच संपतो तोही तसाच. पण काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं, आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की हॉर्न वाजत नाहीयेत. सिग्नलला लांबच लांब रांग, पुढे नारिंगी जाकिटं घातलेले मोटारसायकल टॅक्सीवाले खचाखच, आणि तरी शांतता. यावरून लगेच ‘किती शिस्तीचे लोक’ असा निष्कर्ष काढू नका. झेब्रा क्रॉसिंगवर गाडी तुमच्यासाठी थांबेलच असं नाही, मोटारसायकल फुटपाथवरही चढते. रस्ता ओलांडायला पादचारी पूल वापरा. हॉर्नचा प्रश्न शिस्तीपेक्षा भिडेचा आहे. चारचौघांत आवाज चढवणं, राग दाखवणं हे तिथे माणसाला शोभत नाही, आणि हॉर्न म्हणजे आवाज चढवणंच. काउंटरवर काही बिनसलं तर हेच लक्षात ठेवा. आपला आवाज चढला की काम तिथेच अडतं. हसून, हळू बोलून ते निघतं.

सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता स्टेशनात, बागेत राष्ट्रगीत वाजतं आणि चालती माणसं जागच्या जागी उभी राहतात. तुम्हीही थांबा. राजघराण्याबद्दल मात्र गमतीनेही काही बोलू नका. दिवंगत राजे भूमिबल अतुल्यतेज यांच्या नावाचा अर्थ आपल्याला आपोआप कळतो, म्हणून जवळीक वाटते, पण तिथे राजाची निंदा हा फौजदारी गुन्हा आहे आणि एका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची कैद आहे.

नमस्काराचंही तसंच. हात जोडणं, ज्याला ते ‘वाय’ म्हणतात, आपल्याला जन्मापासून येतं. पण आपण लहान-थोर सगळ्यांना सारखाच नमस्कार करतो. तिथे समोरचा माणूस जितका मोठा तितके जोडलेले हात वर जातात, आणि नमस्कार आधी धाकट्याने करायचा असतो. दुकानातल्या मुलीने वाय केला तर हसून मान लववलीत तरी पुरे. लहान मुलाच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवायची आपली पद्धत तिथे चालत नाही, डोकं पवित्र मानतात. देवळात चपला बाहेर काढणं ठाऊकच आहे, पण आत बसल्यावर पावलं मूर्तीकडे करायची नाहीत. आणि बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, बोटीच्या गर्दीतसुद्धा.

इमारतींच्या बाहेर खांबावर एक छोटंसं घर दिसेल. आपल्याला वाटतं, हे तर तुळशीवृंदावन. ते आहे ‘सान फ्रा फूम’, त्या जागेच्या रक्षणकर्त्याचं घर. ‘फूम’ म्हणजे आपली भूमी. समोर फुलं, उदबत्ती आणि बऱ्याच वेळा स्ट्रॉ घातलेली लाल सरबताची बाटली. कोकणातल्या श्रोत्यांना राखणदार आठवेल. चाळीस मजली बँकेच्या इमारतीपुढेही हे घर असतं.

पोटाचं काय, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी आधी येतो. सुकट, सोडे, जवळा यांच्यावर वाढलेल्यांना बँकॉकच्या गल्लीत माहेरी आल्यासारखं वाटेल. शाकाहारी मंडळींसाठी दोन शब्द. पहिला ‘मांगसविरात’, म्हणजे मांसविरत. अर्थ आपल्याला चटकन लागतो, पण त्यात अंडं चालतं, आणि माशाचा सॉस कधी कुठून शिरेल सांगता येत नाही, कारण तो तिथे मिठाच्या जागी असतो. दुसरा शब्द ‘चे’, चिनी वळणाचा. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. आपल्याकडे चातुर्मास कडक पाळणाऱ्या आजी-आजोबांना नेमकं हेच हवं असतं. पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षर, जे आपल्याला १७ च्या इंग्रजी आकड्यासारखं दिसतं, ही त्याची खूण. गंमत बघा, संस्कृत शब्दापेक्षा इथे परका शब्द जास्त कामाला येतो. आणि हो, आंबा खाताना हापूसचा विषय काढू नका. चिकट भात, नारळाचं दूध आणि आंबा हे एकत्र खाऊन बघा, मग बोला.

दुसऱ्या दिवशी देवदर्शन. चित लोम स्टेशनाजवळ, मॉलच्या गर्दीत, एरावन हॉटेलपाशी चतुर्मुख ब्रह्मदेव आहेत. एरावन म्हणजे ऐरावत. आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ शोधावं लागतं, आणि इथे दिवसभर झेंडूच्या माळांचा खच पडतो. नवस फेडायला लोक तिथल्या नर्तकींकडून नाच करवून घेतात. हे स्थान १९५६ सालचं, हॉटेलच्या बांधकामात विघ्नं येत होती म्हणून स्थापलेलं. १७ ऑगस्ट २०१५ ला इथे बॉम्बस्फोट झाला, २० माणसं गेली. दोन दिवसांत जागा पुन्हा उघडली आणि लोक पुन्हा हात जोडायला आले. माळा वाहणारे बहुतेक बौद्ध असतात. त्यांना यात काही विसंगत वाटत नाही, आणि आपण त्यांना समजावण्याची गरजही नाही.

जुन्या शहरात लाल रंगाचा उंच झोपाळ्याचा सांगाडा दिसतो, त्याच्या शेजारी राजपुरोहितांचं मंदिर आहे. नाव ‘थेवसथान’, आपलं देवस्थान. १७८२ साली बँकॉक राजधानी झाली, त्यानंतर दोनच वर्षांनी हे बांधलं. इथले ब्राह्मण दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास राजनांगरणीचा विधी करतात. बैलांपुढे भात, मका, तीळ, पाणी, गवत, दारू असे सात पदार्थ ठेवतात आणि ते कशाला तोंड लावतात यावरून वर्ष कसं जाईल ते सांगतात. ऐकून आपल्याला पोळा आठवतो आणि बुलढाण्यातली भेंडवळची घटमांडणीही.

आणि मग राजवाड्यातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीची चित्रं. १७८ चौकटींत रामायण, त्यांच्या भाषेत ‘रामकियेन’. आपण मुलांना उत्साहाने दाखवतो, हा बघ मारुती. पण हा मारुती निराळा आहे. रामकियेनमधला हनुमान ब्रह्मचारी नाही. तो प्रेमात पडतो, सुवर्णमत्स्या नावाच्या जलकन्येवर त्याचं मन जडतं, त्यांना मूल होतं. गावोगावच्या मारुतीला शनिवारी तेल वाहणाऱ्या आपल्या मनाला हे झेपत नाही. मी तिथे आपल्या लोकांना ‘यांनी रामायण बिघडवलं’ असं म्हणताना ऐकलं आहे.

मला इथे माझा धंदा आठवतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले खुला कोड घेतो, आपल्या गरजेप्रमाणे बदलतो, वर्षानुवर्षं सांभाळतो, त्यावर नवं काही उभं करतो. मूळ लिहिणाऱ्याचा मान राहतोच. पण तो दहा वर्षांनी येऊन ‘हे सगळं माझंच, आणि तुम्ही ते बिघडवलंत’ म्हणाला, तर आपण त्याला काय म्हणू? थाई लोकांकडे या गोष्टी थेट आपल्याकडून पेटीत बंद होऊन आल्याच नाहीत. बौद्ध धर्मावर श्रीलंकेचा ठसा आहे, लिपी ख्मेर लिपीतून आली, राजदरबाराचे विधी ख्मेर वळणाचे. प्रत्येक हाताने त्यात भर घातली. अयोध्येच्या नावाची त्यांची राजधानी अयुथ्थया १७६७ साली ब्रह्मी फौजांनी जाळली, ग्रंथ गेले, आणि त्यानंतर पहिल्या रामाच्या कारकिर्दीत, १७९७ च्या सुमारास, रामकियेन पुन्हा लिहून घेतलं गेलं. ज्यांनी जळालेल्या शहरातून एक काव्य परत उभं केलं, ते काव्य त्यांचं नाही तर कुणाचं?

हे मी आग्रहाने सांगतो, त्याला कारण आपण इथे कसे राहतो हे आहे. ‘योग तर आता आमचाच’ असं कुणी म्हणालं की आपल्याला लागतं. तेच आपण बँकॉकमध्ये उलट्या बाजूने करतो. आपली मुलं दोन्ही ऐकत असतात. त्यांनी ‘सगळं आपल्याकडूनच गेलं’ हे एवढंच वाक्य घेऊन परतावं, की ‘एकच गोष्ट दोन घरांत दोन तऱ्हांनी वाढली’ हे पाहून परतावं, हे त्या दोन दिवसांत आपण काय बोलतो त्यावर ठरतं.

वेळ उरला तर सेन सेप कालव्यातली बोट घ्या. पाणी काळं आहे, बोट थांबते न थांबते तोच चढावं लागतं, आणि वाहक बाई बोटीच्या काठावरून दोरी धरून चालत तिकीट देतात. शिंतोडे उडायला लागले की शेजारचा प्रवासी न बोलता प्लॅस्टिकचा पडदा वर ओढतो, तुम्हीही दोरीला हात लावा. मला बँकॉक सगळ्यात जास्त या बोटीत कळलं, कारण तिथे ओळखीचा एकही शब्द नव्हता आणि म्हणून मी नुसता बघत होतो.

परतताना पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प लागतं. फोटोसाठी गर्दी असते. फोटो काढा, आणि मुलांना गोष्ट सांगा. फक्त सांगून झाल्यावर शेजारी एखादं थाई कुटुंब उभं असेल तर त्यांना विचारा की तुमच्याकडे ही गोष्ट कशी सांगतात. मी विचारलं होतं. एका आजोबांनी मोडक्या इंग्रजीत पाच मिनिटं सांगितलं, आणि विमानाची घोषणा झाली तरी त्यांची नात त्यांना थांबवत नव्हती.

तर मंडळी, जाऊन या, आणि आल्यावर तुमच्या नोंदी आम्हाला जरूर कळवा. आजच्यापुरतं इतकंच. बायकांनी ‘सवात्दी खा’ म्हणायचं असतं, पुरुषांनी ‘सवात्दी ख्राप’. म्हणून माझ्याकडून, सवात्दी ख्राप, आणि नमस्कार.